माळ्यावर सापडलेलं लांडग्याचं कातडं आणि लोखंडी खटका

बुराईकाठ
नमस्कार मंडळी. साक्री तालुक्यातल्या आमच्या धाब्याच्या घराचं काम काढलंय. गेल्या रविवारी माळ्यावरची अडगळ उतरवताना गोणपाटात गुंडाळलेलं एक केसाळ कातडं निघालं. त्याच्याखाली लोखंडी खटका होता. दोन जबडे, दोन बाजूंना कमानी, हातभर साखळी, सगळं गंजलेलं.

वडील म्हणाले, हा लांडगा. आजोबांनी धरला होता. त्या हंगामात आमच्या वाड्यातली कोकरं जात होती. साल कोणतं, तर दुष्काळाच्या आधीचं, म्हणजे १९७१ च्या आसपासचं. वडील तेव्हा नऊ वर्षांचे. ते म्हणतात होळी झाली होती, ऊन तापायला लागलं होतं. मोठी आत्या तेव्हा चौदाची. ती म्हणते, "ऊन कुठलं? शेकोटी पेटलेली होती आणि आपण हरभऱ्याचे घाटे भाजत होतो." घरात दोन दिवस यावरून वाद चाललाय.

हे लांडग्याचंच आहे हे कसं ओळखायचं? कातड्यावरून कोणत्या ऋतूत मारला ते कळतं का? आणि धाकटा भाऊ म्हणतो फ्रेम करून बैठकीत लावू. चालतं का असं?

गिरणाथडी
फोटो इथे टाकू नका, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तर अजिबात नको. आधी कायद्याचं बघा.

भरीत_पुरी
घरात कुत्रं असेल तर त्याला लांब ठेवा. आमच्या मामांकडे जुनी वाघनखं निघाली होती, तर घरच्या मोत्यानं दोन दिवस भाकरी खाल्ली नाही!

कोर्टाची_पायरी
बुराईकाठ, फ्रेमचा विषय आजच बंद करा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे लांडगा अनुसूची १ मध्ये आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. कायदा यायच्या आधी मारलेला असेल तर आजोबांनी गुन्हा केला असं कोणी म्हणणार नाही. पण आज ते कातडं कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न वेगळा. अशा वस्तूंची नोंद करून मालकीचं प्रमाणपत्र घ्यावं लागत होतं. ज्यांची राहून गेली होती त्यांच्यासाठी २००३ साली पुन्हा मुदत दिली, १८ एप्रिलपासून १८० दिवस. तीही कधीच संपली. प्रमाणपत्र नसेल तर ठेवता येत नाही, विकता येत नाही, भेटही देता येत नाही. वस्तू बेकायदा नाही हे सिद्ध करायची जबाबदारीसुद्धा ताबेदारावरच येते. अनुसूची १ च्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षं कैद आहे.

घाबरू नका. माळ्यावर सापडलं, कोणत्या तारखेला सापडलं, तेव्हा घरात कोण होतं, हे साध्या कागदावर लिहा आणि स्वतः होऊन वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना कळवा. कातडं गाडीत टाकून घेऊन जाऊ नका, त्यांना घरी बोलवा.

बुराईकाठ
धन्यवाद साहेब. उद्याच फोन लावतो. भावालाही तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. तोवर कातड्याची माहिती मिळाली तर हवी आहे, कारण एकदा गेलं की पुन्हा बघायला मिळणार नाही.

मेंढरामागं
आम्ही ठेलारी. आजा, बाप, मी, तिघांनी मेंढरंच राखली. म्हणून लिहितो.

आमच्याकडे खटका वापरत नव्हते. खटक्यात आपलाच कुत्रा अडकतो, कधी शेजाऱ्याचं वासरू. आमचं हत्यार म्हणजे वाघर आणि जागरण. रात्री ज्याच्या शेतात मेंढरं बसवली त्याच्या बांधाला वाघर लावायची, कोकरं मधोमध, चार कोपऱ्यांना चार कुत्री. कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा, कारण लांडगा आधी गळा धरतो. मना आजा सांगे, "एक लांडगा दखाना म्हंजे मांगे आखो दोन ऱ्हातस." समोरचा कुत्र्यांना पळवत नेतो आणि दुसरा मागून कोकरू उचलतो. हे मी डोळ्यांनी बघितलंय, निजामपूरच्या माळावर, पहाटे चारच्या सुमाराला. कुत्री भुंकत गेली पूर्वेला आणि कोकरू गेलं पश्चिमेला. आवाजसुद्धा झाला नाही.

सगळ्यात जास्त त्रास दिवाळीनंतर होतो. तेव्हा त्यांची पिल्लं असतात नाल्याच्या काठाला. आमच्या मेंढ्याही त्याच वेळी वितात. दोघांचं पोट एकाच वेळी येतं.

वाघूर_धरण
वाघर म्हणजे जाळी? मग आमच्या जळगावच्या वाघूर नदीचा त्याच्याशी काही संबंध आहे का?

मेंढरामागं
नदीचं माहीत नाही ताई. आमची वाघर सुताची, आता नायलॉनची मिळते.

कापूस_क्विंटल
सगळे लांडग्याचं कौतुक लावून बसलेत म्हणून लिहितो. सिंदखेड्याकडे माझ्या चुलत्यांच्या सात शेळ्या एका रात्रीत फाडल्या. खाल्ली एकच, सहा तशाच टाकलेल्या. चुलती दोन दिवस जेवली नाही. भरपाईसाठी गेलो तर एका कार्यालयात सांगितलं की मेलेली जनावरं जागेवरून हलवली, आता पंचनामा होणार नाही. उन्हात सहा शेळ्या अंगणात किती वेळ ठेवायच्या? बुराईकाठ यांच्या आजोबांनी खटका लावला तो हौसेनं लावला नसेल. त्या माणसाला इथे कोणी दोष देऊ नये.

गिरणाथडी
कापूस_क्विंटल, दोष कोणीच दिलेला नाही. आणि तुमच्या चुलत्यांवर अन्याय झाला हे खरं आहे. पुढच्या वेळेसाठी सांगते: घटनेनंतर ४८ तासांच्या आत वनखात्याला कळवायचं, पंचनामा होईपर्यंत जनावर जागेवर ठेवायचं, आणि हलवण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढायचे. भरपाईच्या यादीत लांडगा आहे. पुष्कळ लोकांना वाटतं की फक्त वाघ-बिबट्याचीच मिळते, म्हणून कोणी अर्जच करत नाही.

मेंढरामागं
ताई, पंचनाम्याला थांबायचं तर बाकीची दोनशे मेंढरं उपाशी ठेवायची का? आमचं बिऱ्हाड घोड्यावर. सकाळी निघालो की संध्याकाळी दुसऱ्या गावाला. म्हणून ठेलारी अर्ज करत नाही.

गिरणाथडी
हे माझ्या लक्षात आलं नव्हतं दादा. तुमचं बरोबर आहे.

अमळनेर_ते_युकॉन
मूळ गाव अमळनेर, गेली अकरा वर्षं कॅनडाच्या युकॉनमध्ये आहे. इथे लांडगे धरणं कायदेशीर आहे. परवाना असतो, हंगाम ठरलेला असतो. माझे शेजारी सत्तरीचे आहेत, त्यांची स्वतःची सापळ्यांची वाट आहे. चार हिवाळे त्यांच्या शेडमध्ये बसून बघितलंय, तेवढ्यावर लिहितो.

कातडं हातात आलं की ते आधी केसांकडे बघतच नाहीत. उलटं करून आतली बाजू बघतात. आतून पांढरट, सायीसारखं असेल तर केस पूर्ण वाढलेले आहेत, माल पक्का. निळसर-काळपट असेल तर केस अजून वाढत होते. त्यांचा रंग मुळाशी, म्हणजे कातडीतच असतो, तो आतून दिसतो. मग केस वर करून जोरात फुंकर मारतात. फुंकरीनं केस दुभंगले आणि खाली कातडी दिसली तर लोकर पातळ. दिसलीच नाही तर डिसेंबर-जानेवारीचा जनावर. फेब्रुवारी संपत आला की लांडगे पुठ्ठ्यावर आणि कुशीवर घासून वरचे राठ केस तोडतात, किंमत तिथेच पडते. हा माल ऑन्टारिओत नॉर्थ बे इथे लिलावाला जातो. तिथे लांबी, दाटपणा, रंग, घासलेले डाग, खरूज, सगळं बघून प्रत ठरते. सगळ्यात जास्त मागणी जॅकेटच्या टोपीच्या काठाला. श्वासाची वाफ त्या केसांवर गोठली तरी झटकली की पडते.

पण आपल्याकडच्या लांडग्याला हे माप लावता येणार नाही. इथला चाळीस-पन्नास किलोचा, आपला वीस-बावीसचा. आपल्याकडे थंडीतसुद्धा लोकर बेताचीच, फक्त मानेवर आणि खांद्यावर केस लांब होतात. आपल्या लांडग्याच्या कातड्याला कधी बाजार नव्हता.

जुनी_पानं
बाजार नव्हता, पण इनाम होतं. इंग्रजांच्या काळात लांडगा मारून आणला की सरकारातून पैसे मिळत. महेश रंगराजन यांच्या अंदाजाप्रमाणे १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत देशात ८० हजारांवर वाघ, दीड लाखावर बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले. वाघाची शिकार साहेब लोकांनी फोटो काढून मिरवली. लांडगे गरिबांनी मारले, पिल्लं बिळातून खणून काढून, धूर करून, इनामाच्या चार पैशांसाठी. आज देशभरात लांडगे तीन हजारांच्या आसपास, म्हणजे वाघांपेक्षाही कमी. कळसूबाईच्या रांगेत राहणाऱ्यालाही वाघाची गणना माहीत असते, लांडग्याची खुद्द खान्देशातही कोणी विचारत नाही. याची मला मनापासून खंत वाटते.

पवनचक्की_खाली
जागा कुठे राहिली? ब्राह्मणवेलचा माळ लहानपणी बघितला होता, पवन्या गवत कमरेपर्यंत. आता पवनचक्क्यांचे रस्ते. शिवाजीनगरला सौर प्रकल्प झाला. वीज हवी, मी विरोधात नाही. पण सरकारी कागदावर माळ म्हणजे पडीक. जिथे हजार मेंढरं चरतात, लांडगा पिल्लं घालतो, माळढोक फिरत होता, ती जमीन पडीक कशी?

भरीत_पुरी
हा धागा आता विजेवर जाणार! बुराईकाठ भाऊ, कातड्याचं काय झालं?

बुराईकाठ
वनखात्यात फोन लागला, साहेब बाहेर आहेत, गुरुवारी येतो म्हणाले. तोवर आत्याला सोबत घेऊन, हातमोजे घालून नीट बघितलं.

नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत साडेतीन फुटांच्या जरा आत. केस मातकट, पण एकेक केस बघितला तर खाली फिका, मध्ये तांबूस, टोकाला काळा. शेपटीचं टोक काळं, आणि शेपटीच्या बुडाशी वरच्या बाजूला एक काळा ठिपका. आतली बाजू पांढरीही नाही, निळीही नाही, विटकरी आहे. खांद्यावर फुंकर मारली तर खाली मऊ, सायीच्या रंगाची लोकर दिसते. एका कुशीवर तळहाताएवढा टक्कल पडलेला भाग. पोटाकडे पण केस नाहीत. पुढच्या डाव्या पायाच्या कातड्यावर आडवी चीर आहे.

अमळनेर_ते_युकॉन
शेपटीवरचा काळा ठिपका म्हणजे ग्रंथीची जागा, लांडग्याला ती ठळक असते. एकट्या त्याच्यावरून सांगणार नाही, काही कुत्र्यांनाही असते. पण केसांचे पट्टे, लांबी, ठिपका आणि घरची आठवण, सगळं जुळतं. आतली बाजू विटकरी का, हे मला कळलं नाही.

तरवड
ते मी सांगतो. आमच्या घरात तीन पिढ्या कातडी कमावायचं काम होतं, आजोबांच्या हाताखाली मी दहावीपर्यंत केलंय. विटकरी रंग सालीचा. आपल्याकडे बाभळीची नाहीतर तरवडाची साल वापरत. साल लागली की आतली बाजू तांबडी होते, मग युकॉनवाल्यांची पांढऱ्या-निळ्याची परीक्षा चालत नाही. केस ठेवायचे असतील तर चुना लावायचा नाही, चुन्यानं केस सुटतात. आधी मीठ चोळून सावलीत, उन्हात कधीच नाही. उन्हात वरून वाळतं आणि आतून कुजतं, मग केस मुठीनं निघतात.

आता टक्कल. चार प्रकारे पडतं आणि चारही बोटाला वेगळे लागतात. कसर लागली असेल तर केस कातडीला टेकून कापल्यासारखे, खुंट राहतात, दाढी केल्यावर दुसऱ्या दिवशी लागतात तसे. जनावर घासलं असेल तर खालची लोकर राहते, वरचे राठ केस मध्येच तुटलेले. कमावताना सडलं असेल तर केस मुळासकट जातो, कातडी गुळगुळीत, पण कडेचे केसही ओढले की हातात येतात. खरूज असेल तर कातडी जाड, सुरकुतलेली, हत्तीच्या गुडघ्यासारखी. बोट फिरवून सांगा. कुशीचं वेगळं, पोटाचं वेगळं.

कोर्टाची_पायरी
हातमोजे आणि तोंडाला रुमाल ठेवा. जुन्या कातड्यांना कधी कधी सोमलाचा, म्हणजे आर्सेनिक या विषाचा, लेप असतो.

तरवड
गावात कमावलेल्याला सोमल नसतो साहेब, तो शिकारी लोकांच्या भुसा भरलेल्या वाघांना. पण काळजी घेतलेली बरी.

बुराईकाठ
कुशीवर खुंट लागतात, म्हणजे कसर. पोटाकडे खुंट नाहीत. सरसकट टक्कल नाहीये, दोन ओळींत गोल गोल जागा आहेत, रुपयाच्या नाण्याएवढ्या. प्रत्येकीच्या मधोमध वाळलेल्या मुगासारखं काहीतरी. डावीकडे चार मोजले, उजवीकडे चार. कडेचे केस ओढले तर घट्ट आहेत.

तरवड
बुराईकाठ भाऊ, ते आचळ आहेत. मादी होती. पिल्लं पीत होती.

अमळनेर_ते_युकॉन
तरवडदादांचं बरोबर. पिल्लं अंगावर पीत असताना आचळांभोवतीचे केस जातात. आपल्याकडे त्यांचा जोडा ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये लागतो, दोन महिन्यांनी पिल्लं. खांद्यावर लोकर अजून भरलेली आहे, वरचे केस तुटलेले नाहीत. होळीनंतरचं ऊन लागलं असतं तर लोकर गळायला लागली असती. मी जानेवारी म्हणेन, फार तर फेब्रुवारीची सुरुवात. आत्यांची शेकोटी खरी.

मेंढरामागं
म्हणूनच कोकरं जात होती.

कापूस_क्विंटल
मी वर जे लिहिलं ते मागे घेत नाही. पण हे वाचून वाईट वाटलं.

गिरणाथडी
बुराईकाठ, आत्यांना हे सांगितलंत का?

बुराईकाठ
सांगितलं. आत्या बराच वेळ कातड्याशेजारी बसून राहिली. मग बोलली. हे वडिलांनाही माहीत नव्हतं.

लांडगी खटक्यात सापडली ती पहाटे. आजोबांनी काठीनं मारली. दुसऱ्या दिवशी रात्री नाल्याकडून बारीक आवाज यायला लागला, मांजराचं पिल्लू ओरडतं तसा. तिसऱ्या दिवशी आजोबा कंदील घेऊन गेले, आत्या मागोमाग. करवंदीच्या जाळीखाली बीळ होतं. चार पिल्लं मेलेली, एक जिवंत, डोळे नुकते उघडलेले. आजोबांनी ते धोतराच्या सोग्यात घरी आणलं. आत्यानं कापसाची वात शेळीच्या दुधात बुडवून अकरा दिवस पाजलं. बाराव्या दिवशी सकाळी ते थंड होतं. आजी म्हणाली कोणाला सांगू नका, गाव हसेल. त्यानंतर आजोबांनी खटका माळ्यावर टाकला आणि वाड्याला बोराटीचं दुहेरी कुंपण घातलं. कातडं फेकून का दिलं नाही, हे आत्यालाही ठाऊक नाही.

काल वनखात्याची माणसं आली. दोघं होते, नीट वागले, कोणी दरडावलं नाही. कातडं आणि खटका दोन्ही पंचनामा करून नेले. कागदावर ‘लांडगा, एक नग’ एवढंच लिहिलं होतं. आत्यानं चष्मा लावून वाचलं आणि वनरक्षकाला म्हणाली, "बाबा, मादी लिही." त्यानं रेघेच्या वर बारीक अक्षरात लिहिलं. मग तिनं सही केली.